पाहुण्यांना आग्रह करू नये

राष्ट्राराष्ट्रांमधले संबंध तोफांवर किंवा तहांवर नव्हे, तर शिष्टाचारावर उभे असतात, असं माझं पूर्वीपासूनचं ठाम मत आहे. हे मत मी आजवर कुणाला ऐकवलं नव्हतं, याचं कारण कुणी विचारलंच नव्हतं. मी वाट पाहत होतो. अखेर एका सकाळी माझ्या मेहुण्याने विचारलं, आणि ते असं विचारलं:

"भाऊजी, तुम्ही सध्या रिकामेच असता ना?"

माणसाचा आधी अपमान करायचा आणि मग त्याच्याकडे काम काढायचं, ही कला माझ्या सासुरवाडीत वंशपरंपरेने चालत आलेली आहे. "तसा अगदीच रिकामा नसतो," असं म्हणून मी पेपरची घडी नव्याने घालायला घेतली. तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "असतात. तू बोल."

मेहुण्याचा बिजागऱ्यांचा कारखाना आहे. बिजागरी ही मोठी दुर्दैवी वस्तू. चांगली असली तर जन्मभर तिच्याकडे कुणी बघत नाही आणि वाईट असली तर घरातलं प्रत्येक माणूस येताजाता तिचा उद्धार करतं. त्यामुळे चांगल्या बिजागऱ्या करणाऱ्या माणसाला या जगात कीर्ती मिळण्याची सोयच नाही. मेहुण्याचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. पण त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, एक बांधकामवाला, अचानक सरकत्या दारांच्या नादी लागला. सरकत्या दाराला बिजागरी लागत नाही. बायको पळून गेलेल्या माणसासमोर जसा लग्नाचा विषय काढत नाहीत, तसा तेव्हापासून आम्ही त्याच्यासमोर सरकत्या दारांचा विषय काढत नसू.

त्यातून त्याच्या बायकोच्या भावाचं सरकत्या दारांचंच दुकान. "कारखाना आवर आणि माझ्याकडे काउंटरला उभा राहा," असं त्या भावाने प्रेमाने सुचवलं होतं. प्रेमाने सुचवलेल्या गोष्टी माणसाला जास्त लागतात. मेहुणा बरेच दिवस गप्प गप्प होता. आणि आता परदेशातल्या एका कपाटं बनवणाऱ्या कंपनीने कळवलं होतं, की आमची दोन माणसं कारखाना पाहायला येतील. पसंत पडलं तर मोठी ऑर्डर देऊ. ऑर्डर आली तर कारखाना आणि त्यातली माणसं तरणार होती. नाही आली तर मेहुणा काउंटरला उभा राहून गिऱ्हाइकांना सांगणार होता, की बघा, बिजागरीची कटकटच नाही.

"तुम्ही एक्स्पोर्टमध्ये होतात ना, भाऊजी? त्यांच्याशी वागायचं कसं ते तुम्हीच सांगा."

मी होतो. सबंध नोकरी मी निर्यात विभागात काढली. अनेक देशांतल्या माणसांशी मी आयुष्यभर अत्यंत अदबीने बोललो. मात्र सगळं पत्रातून. त्यातला एकही माणूस मला कधी दिसला नाही. पण ही बाब मी मेहुण्याला सांगितली नाही. खचलेल्या माणसाचा धीर आणखी खचवू नये.

सुरुवात मी निमंत्रणाच्या मेलने केली. मेहुण्याने कच्चा मजकूर लिहून आणला होता: "अमुक दिवशी या. वाट बघतो." मला घाम फुटला. हे निमंत्रण आहे की समन्स? मी तो बाजूला सारला आणि लिहिलं, की आपल्यासारख्या थोर व्यक्तींनी आमच्या अल्पशा कारखान्यात पाय ठेवावा ही अपेक्षा करणंही धाडसाचं आहे. प्रवास दूरचा व त्रासाचा आहे याची आम्हांस जाणीव आहे. आपल्या बहुमोल कामांतून सवड न झाल्यास आम्ही मुळीच वाईट वाटून घेणार नाही. आमच्याकरिता आपण कोणतीही तसदी घ्यावी असा आमचा हट्ट नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आपली अडचण समजली. आपण स्पष्टपणे कळवलंत याबद्दल आभार. आमचा दौरा आम्ही रद्द करत आहोत.

मेहुणा ते वाचून खाली बसला. खुर्ची होती, पण तो जमिनीवर बसला. बायको त्याला पाणी देत माझ्याकडे बघत राहिली. मग त्याने फोन उचलला आणि माझ्यादेखत त्यांच्याशी दोनच वाक्यं बोलला, "ते चुकून गेलं. तुम्ही या." ते येतो म्हणाले. याला योगायोग म्हणतात. शिष्टाचाराचं शास्त्र त्यामुळे खोटं ठरत नाही.

आता कारखाना ज्या औद्योगिक वसाहतीत आहे, तिच्या कार्यालयात जाऊन परदेशी पाहुण्यांसाठी परवानगी काढायची होती. ते काम मी अंगावर घेतलं. खिडकीमागच्या कारकुनाने माझ्याकडे न बघता विचारलं, "कोण येणार?"

"परदेशी पाहुणे."

"किती दिवस?"

"अर्धा दिवस."

"आणि गेले नाहीत तर?"

"अर्ध्या दिवसासाठी आलेली माणसं कशाला राहतील?"

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "आमच्या साहेबांचे मेहुणे दोन दिवसांसाठी आले होते. अजून आहेत."

मेहुणा या विषयावर मी कुठल्याही माणसाशी वाद घालत नाही. बराच वेळ पानं चाळून कारकून म्हणाला, की परदेशी पाहुणे असा प्रकारच त्यांच्याकडे नाही. स्थानिक कामगार आहे, माल आहे, तात्पुरतं जड वाहन आहे. त्यातलं काय हवं ते सांगा. माणसांना माल म्हणणं मला शिष्टाचारात बसेना. मी जड वाहनाचा पास घेतला.

एव्हाना ही बातमी आमच्या इमारतीत पसरली होती. आमच्याकडे गुप्त ठेवलेली बातमी जिन्याने जाते आणि सांगितलेली बातमी लिफ्टने, एवढाच फरक. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे विमानतळकाका खाली आले. हे एकदा परदेशी निघाले असताना मधल्या कुठल्याशा विमानतळावर त्यांचं पुढचं विमान चुकलं आणि एक अख्खा दिवस त्यांना तिथल्या बाकावर काढावा लागला. त्या दिवसाच्या जोरावर ते जगातल्या यच्चयावत माणसांच्या स्वभावावर बोलतात.

"एक गोष्ट लक्षात ठेवा," ते सोफ्यावर पाय वर घेऊन म्हणाले, "त्यांचं नको म्हणजे नको. आपल्यासारखं नाही. आपण नको म्हणतो तेव्हा ताट पुढे ओढलेलं असतं. तिथे माझ्या शेजारी एक गोरापान माणूस बसला होता. मी डबा उघडला, म्हटलं घ्या. म्हणाला, नको. मी म्हटलं, अहो घ्या हो, घरचं आहे. नको म्हणाला. मी उचलून त्याच्या हातावर ठेवलं."

"मग?"

"पोलीस आले."

मी उठलो आणि फेऱ्या मारायला लागलो. आमच्या सबंध पाहुणचाराचा पायाच आग्रह. तोच काढून घेतला तर उरतं काय? पण दुसऱ्या बाजूला पोलीस होते. मी त्याच क्षणी नियम जाहीर केला: पाहुण्यांना आग्रह करू नये. कुठलीही गोष्ट एकदाच विचारायची. नको म्हणाले, की विषय संपला.

तळमजल्यावरच्या हेडबाईही आल्या. एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अजूनही त्या जिन्यात दिसल्या, की मी चपलांचा आवाज न करता चढतो. त्यांचं म्हणणं, परदेशी माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलावं. नाही तर त्यांना वाटतं आपण लबाड आहोत. त्यांनी मेहुण्याला समोर उभं करून तालीम घेतली. मेहुणा मुळात शांत माणूस. तो हेडबाईंच्या डोळ्यांत बघत राहिला आणि थोड्या वेळाने त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"हा असाच बघणार असेल," विमानतळकाका म्हणाले, "तर ते ऑर्डर देतील. दया म्हणून."

मग रोज संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत रंगीत तालमी सुरू झाल्या. पाहुण्या बाईंचं काम बायकोकडे होतं. मेहुण्याने चहाचा कप पुढे करायचा, तिने नको म्हणायचं, त्याने कप परत न्यायचा. इतकी सोपी गोष्ट. पण तिने नको म्हटलं, की त्याच्या तोंडून "अगं घे गं, अर्धा तरी," हे निघायचंच.

"आग्रह झाला," मी म्हणायचो. "पुन्हा."

"मला आता खरंच नकोय," एकदा बायको वैतागून म्हणाली.

"तू पाहुणी आहेस. खरंखोटं तुझ्याकडे नाही."

कारखान्यातल्या मिस्त्रींना शिकवणं त्याहून कठीण गेलं. हा माणूस समोरच्याच्या पाठीत थाप घालून जेवायला बसवणाऱ्यांपैकी. मी त्यांना विचारलं, "पाहुणे बसायला नको म्हणाले तर काय कराल?" ते म्हणाले, "खांद्यावर हात ठेवून बसवीन." शेवटी मी त्यांना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायला सांगितलं. बायकोने आधीच जाहीर केलं होतं, की ती त्या दिवशी येणार नाही. "समोर उपाशी माणूस आणि आपण घ्या म्हणायचं नाही, हे माझ्याच्याने बघवणार नाही. माझ्या भावाचं काम आहे म्हणून गप्प बसते. पण बिघडलं तर तुमच्याशी बोलेन."

तिने बोलेन म्हणणं हे इतरांनी बोलणार नाही म्हणण्यापेक्षा जास्त गंभीर असतं.

तो दिवस उजाडला. मी नवे बूट घातले होते. पाहुण्यांची गाडी वसाहतीच्या फाटकाशी आली आणि तिथेच थांबली. पुढे येईना. मी आणि मेहुणा धावत गेलो. पहारेकऱ्याच्या हातात मी काढलेला पास होता.

"जड वाहन आहे," तो म्हणाला. "काट्यावर घ्यावं लागेल."

"अरे, ही साधी मोटार आहे. आत माणसं बसलीत."

"मग वजन भरेलच."

त्याच्याशी वाद घालण्यात वेळ गेला असता आणि वेळ पाळणं हा तर शिष्टाचाराचा कणा. शेवटी पाहुण्यांची गाडी, आत पाहुणे बसलेले असताना, ट्रकच्या वजनकाट्यावर चढवण्यात आली. मागे एक बाई होत्या, त्या त्यांच्या कंपनीच्या खरेदीप्रमुख. आणि एक अतिशय उंच गृहस्थ, ते इंजिनिअर. दोघंही काट्यावर पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून, गंभीरपणे बसून राहिले. पहारेकऱ्याने वजनाची चिठ्ठी खिडकीतून दिली, तेव्हा बाईंनी ती दोन्ही हातांत घेतली आणि मान लववली. उंच गृहस्थांनीही लववली. त्यांचं डोकं पुढच्या सीटला लागलं. पुढे कळलं, की त्यांना तो आमच्याकडचा स्वागतविधी वाटला होता.

मेहुण्याच्या कार्यालयात आम्ही सगळे पोचलो. इथून पुढचं संभाषण ज्या भाषेत झालं, ती ना त्यांची होती ना आमची. मी ते इथे आपल्या भाषेत देतो आहे आणि दोन्ही बाजूंचं व्याकरण थोडं सुधारून देतो आहे.

मेहुणा बाईंच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "बसा."

"नको, नको," बाई हसून म्हणाल्या.

मी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने खुर्ची मागे घेतली. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जरासं हललं. पाहुणे उभे म्हटल्यावर आम्हीही उभे राहिलो. माझे नवे बूट त्याच वेळी चावायला लागले.

"चहा?"

उंच गृहस्थांनी ट्रेकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला आजही आठवते. पण तेही म्हणाले, "नको. आपल्याला त्रास."

मिस्त्रींनी ट्रे उचलला. त्यावर चहा होता, बिस्किटं होती, लोणी लावलेले सँडविच होते. तो ट्रे दाराबाहेर जाईपर्यंत उंच गृहस्थांची मान त्याच्याबरोबर वळत गेली.

"पंखा लावू?"

"नको, नको."

मेहुण्याने पंखा लावला नाही. खोली भट्टीसारखी तापलेली. बाईंचा कोट गळ्यापर्यंत बंद होता. गृहस्थांच्या कपाळावरून घामाची धार नाकाच्या शेंड्याशी येऊन थांबे, विचार करी आणि पडे. मी मनातून खूष होतो. सगळं तालमीबरहुकूम चाललं होतं. एकाच्याही तोंडून आग्रहाचा शब्द गेला नव्हता. मिस्त्री दारात हात पाठीमागे बांधून उभे होते आणि त्यांच्या दंडाच्या शिरा फुगल्या होत्या.

सहा पावलांच्या त्या खोलीत चार माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभी. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत होतो. बाई पर्सचा बंद उघडत होत्या, मिटत होत्या. कुठूनतरी पोटात गुरगुरल्याचा आवाज आला. आम्ही सगळ्यांनी छताकडे पाहिलं.

अखेर मेहुण्याने घसा खाकरला. या प्रश्नासाठी तो रात्रंदिवस झुरत होता. "तर मग," तो म्हणाला, "आपण कारखाना बघायचा का?"

बाईंनी उंच गृहस्थांकडे पाहिलं. गृहस्थांनी बुटांकडे पाहिलं. मग बाई फार हळू आवाजात म्हणाल्या, "नको. तुम्हाला कशाला उगीच त्रास."

मेहुणा माझ्याकडे वळला. त्याच्या नजरेत असं काहीतरी होतं, की मला खरं म्हणजे तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण नियम म्हणजे नियम, आणि तो मीच केलेला. मी मान हलवली. नको म्हणजे नको.

समुद्र ओलांडून कारखाना बघायला आलेली माणसं कारखाना न बघता दारातून परत फिरली. अंगण ओलांडून आम्ही त्यांना गाडीपर्यंत पोचवायला निघालो. मी पुढे होतो आणि झपझप चालत होतो, कारण निरोप रेंगाळवणं हाही एक प्रकारचा आग्रहच. पाहुणे मात्र कमालीचे हळू चालत होते. दर दोन पावलांनी बाई मागे वळून म्हणत, "बरंय, निघतो मग." मी म्हणत होतो, "बरंय." त्या पुन्हा थांबून म्हणत, "निघावंच म्हणते." मी म्हणे, "जरूर."

मी गाडीचं दार उघडून धरलं. बाईंनी एक पाय आत ठेवला.

आणि मेहुणा माझ्या आणि गाडीच्या मधून घुसला. त्याने ते दार माझ्या हातातून काढून घेऊन लावून टाकलं आणि त्याला पाठ टेकून उभा राहिला. बाईंनी पाय वेळेवर मागे घेतला म्हणून बरं. मेहुणा आता कुणाच्या डोळ्यांतबिळ्यांत बघत नव्हता, आणि तो सरळ आपल्या भाषेत बोलत होता.

"बाई, तुम्ही एवढ्या लांबून आलात. माझी बिजागरी हातात न घेता मी तुम्हाला जाऊ देणार नाही. ऑर्डर देऊ नका. पण बघून जा."

"हे काय म्हणतायत?" बाईंनी मला विचारलं.

माझ्या कानात विमानतळावरच्या पोलिसांच्या शिट्ट्या वाजत होत्या. "माझे मेहुणे," मी म्हणालो, "आपली क्षमा मागत आहेत, आणि असंही म्हणत आहेत, की ते आपल्याला जाऊ देणार नाहीत."

बाईंचा चेहरा एकदम उजळला. पण त्या म्हणाल्या, "नको, नको, त्रास होईल तुम्हाला."

मी मेहुण्याला सांगितलं, "त्या म्हणतात, तुला त्रास होईल."

"होऊ दे," मेहुणा कारखान्याकडे हात करून म्हणाला. "चला."

बाई उंच गृहस्थांकडे वळल्या. "हे तिसरं झालं ना?"

"तिसरंच," गृहस्थ म्हणाले. "पहिलं आत झालं, दुसरं गाडीच्या दाराशी, हे तिसरं." आणि त्यांनी कोट काढून सरळ माझ्या हातात दिला.

त्याचं असं झालं होतं, की त्यांच्या कंपनीत परदेशी पाठवण्यापूर्वी एक वर्ग घेतात. त्या वर्गात त्यांना बजावून सांगितलं होतं, की त्या देशात पहिल्या बोलावण्याला हो म्हणणारा माणूस अधाशी समजला जातो. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. यजमान तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय राहतच नाहीत.

"आणि तुम्ही तर दुसऱ्यांदाही विचारलं नाहीत," बाई मला म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, आमच्याकडून काहीतरी भयंकर घडलं. काट्यावर आम्ही नीट बसलो नाही का?"

"वर्ग कोण घेतं?" मी विचारलं.

"आमचे एक निवृत्त अधिकारी आहेत. फार अनुभवी. ते तुमच्या देशात कधी आलेले नाहीत, पण तिकडचा सगळा पत्रव्यवहार त्यांनीच सांभाळला."

त्या अनोळखी गृहस्थांबद्दल मला एकाएकी फार आपुलकी वाटली. आम्ही दोघं एका खोलीत असतो, तर दोन्ही देशांचं कल्याण झालं असतं. निदान ही माणसं तरी आमच्या तावडीतून सुटली असती.

पुढचा वेळ मला कुणी काही विचारलं नाही. मिस्त्रींनी पाठीमागचे हात सोडले आणि उंच गृहस्थांना खांदे धरून असं बसवलं, की ते पुन्हा उठूच शकले नाहीत. सँडविच आले, गेले, पुन्हा आले. पंखा लागला. मेहुण्याने बाईंना यंत्रं दाखवली. पत्रा कापतात कुठे, वळवतात कुठे, पिन बसवतात कुठे, हे सांगताना त्याला परकी भाषा पुरेना, तेव्हा तो आपली वापरी. आणि बाई त्यांच्या भाषेत प्रश्न विचारीत. दोघांचं उत्तम चाललं होतं. मधूनमधून मी भाषांतर करायला पुढे होत होतो, तर दोघंही माझ्याकडे यंत्रासमोर आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघत आणि मी बाजूला होई. चाचणीसाठी तिथे भिंतीशिवाय नुसतंच एक दार चौकटीत उभं आहे. उंच गृहस्थ त्या दाराशी गेले आणि ते उघडू लागले, लावू लागले. कितीतरी वेळ. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि कान दाराला लावला होता. आवाज नव्हता. आवाज नाही हे ऐकताना इतका आनंदी झालेला माणूस मी पाहिलेला नाही.

निघताना बाई मेहुण्याला एवढंच म्हणाल्या, "कळवू."

या एका शब्दाने पुढचे कित्येक दिवस आमच्या घराची झोप उडवली.

"कळवू म्हणजे नाही," बायको म्हणाली. "भाड्याने घर बघायला येणारी माणसं जाताना कळवतोच म्हणतात. कळवलंय कुणी आजपर्यंत?"

"तेच तर," विमानतळकाका म्हणाले. "पण त्यांचं कळवू म्हणजे कळवू. त्यांच्याकडे शब्दाला एकच अर्थ असतो."

"तुम्ही आता बोलू नका," बायको म्हणाली. ते सोफ्यावरून पाय खाली घेऊन बसले.

हेडबाईंचं मत, की आधी 'कळवू' हे त्यांनी त्यांच्या पद्धतीने म्हटलं की वर्गात शिकून आपल्या पद्धतीने, हे ठरवायला हवं. त्यावर मी रात्रीचं जेवण होईपर्यंत विचार केला आणि मला काही सुचेना. मेहुणा रोज कारखान्यातून थेट आमच्याकडे येई. सगळा पत्रव्यवहार माझ्या नावे झालेला, म्हणून निरोप माझ्याच फोनवर येणार होता. तो फोन मधल्या टेबलावर ठेवलेला असे आणि मेहुणा त्याच्याभोवती फिरे. बसला, की उठे. उठला, की आमच्या कपाटाचं दार उघडी, लावी, बिजागरी चाचपे. एके दिवशी तो एक पिशवी घेऊन आला. बायकोने उघडून पाहिली, तर आत नवा सदरा. खिशावर सरकत्या दाराचं चित्र शिवलेलं.

"माझ्या मेहुण्याने पाठवलाय," तो म्हणाला. "मापाला बघून ठेव म्हणाला. पहिल्या तारखेपासून."

बायको त्या सदऱ्याची घडी घालत राहिली; घातलेली मोडून पुन्हा घालत राहिली. मला, खरं सांगायचं तर, माझं ते ठाम मत वगैरे त्या वेळी काही आठवलं नाही. फोनकडे बघत बसलो होतो आणि तो वाजला.

परदेशी नंबर होता. मेहुणा टेबलाजवळ थिजला. विमानतळकाका लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली आले. हेडबाई वर आल्या. आमच्या भिंती पातळ आहेत. मी उभा राहिलो, अंगातला सदरा ओढून सारखा केला आणि फोन कानाला लावला. बाईच होत्या.

त्यांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली. मी त्यांच्या प्रकृतीची केली. त्यांनी आमच्याकडच्या हवेबद्दल विचारलं. मी हवेचं सांगून त्यांच्या हवेबद्दल विचारलं. त्यांनी घरच्या सगळ्यांची खुशाली विचारली. मी एकेकाची सांगितली. मेहुणा माझी बाही ओढत होता. मी त्याला हाताने थांबवलं. थोरामोठ्यांचं बोलणं असंच वळणावळणाने मुद्द्यावर येतं, आणि बाई आता त्या कलेत माझ्या बरोबरीला आल्या होत्या.

"त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून आम्ही फार शिकलो. आमच्या वर्गात आता तुमचं उदाहरण देतात."

मी फोनवर हात ठेवून खोलीतल्या सगळ्यांना हे ऐकवलं. हेडबाईंनी मान डोलावली. बायकोनेसुद्धा पहिल्यांदाच माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. मला कळून चुकलं, की हे आता सल्लागारपदाकडे चाललं आहे. परदेशी कंपनीचा सल्लागार. मी मनातल्या मनात दोनदा नको म्हणायची तयारी केली.

"आमच्या कंपनीने विचार केला," बाई म्हणाल्या, "बिजागऱ्यांची ऑर्डर तुमच्याकडेच द्यायची, हे नक्की झालं आहे. आता एक छोटीशी विनंती होती. तुम्हाला आवडणार नसेल तर मुळीच वाईट वाटून घेऊ नका. आपल्यासारख्या व्यक्तीला तसदी द्यायची म्हणजे धाडसच आहे."

"निःसंकोच सांगा," मी म्हणालो.

"फोन जरा तुमच्या मेहुण्यांकडे देता का?"